तळहातावरचा पेपर

पेपर हातात आला की सर तो आधी वाचत नसत. उजव्या तळहातावर आडवा ठेवत, बाजारात वांगी घेताना करतात तसा दोनदा वर-खाली करत आणि म्हणत, "वजन पाहिजे, बाई. वजन." मग लाल पेनाने गुण देत आणि पुढचा पेपर उचलत.

तुम्हाला वाटेल मी तिखटमीठ लावून सांगते आहे. तुमच्यापैकी ज्यांनी कधी गठ्ठ्याने पेपर तपासले असतील त्यांना तसं वाटणार नाही. प्रत्येक तपासणीच्या खोलीत असा एक माणूस असतोच, तुम्हीही पाहिला असेल. फक्त तुम्ही त्याच्या शेजारी सहा वर्षं बसला नाहीत. मी बसले.

मला ते कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. 'सर' म्हणते आहे ते तोंडाला लागलेल्या सवयीने. रेणापूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर म्हणून ते निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून एसटीने रोज लातूरला यायचे. आमच्या क्लासमध्ये. लातुरात क्लास म्हटलं की काय ते तुम्हाला माहीत आहे. फिजिक्सच्या सरांचा फोटो चौकात दोन मजले उंच लागतो आणि मराठीच्या बाईला जाहिरातीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायला बोलावतात. मी ती मराठीची बाई. मूळची नांदेडची, लग्न करून इथे आले, एम. ए. ला विद्यापीठात नंबर होता. तो नंबर काही कुणी चौकात लावला नाही.

दरवर्षी आमच्याकडे दहावीच्या मुलांची एक निवड परीक्षा व्हायची. निवडलेल्या मुलांना दोन वर्षं मेडिकलच्या प्रवेशाची शिकवणी, हॉस्टेल, जेवण, सगळं फुकट. हदगाव, मुखेड, रेणापूर, कुठून कुठून पोरं यायची. बाकीचे प्रश्न गोल काळे करायचे आणि शेवटी एक निबंध, पंचवीस गुणांचा. संचालक साहेबांचं म्हणणं होतं की डॉक्टरला भावनाही पाहिजेत. म्हणून भावनेला पंचवीस गुण. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण गोल सगळेच बरे काळे करायचे, त्यामुळे आत कोण आणि गावी परत कोण, हे पुष्कळदा त्या पंचवीस गुणांवर ठरायचं.

आणि ते ठरवायचो आम्ही. पहिले परीक्षक सर, दुसरी मी.

नियम साधा होता. निबंध दोघांनी तपासायचा, एकमेकांचे गुण न बघता. पहिल्याने गुण लिहायचे, तो कोपरा दुमडायचा, वर चिकटपट्टी लावायची आणि पेपर दुसऱ्याकडे द्यायचा. दोघांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक आला तर पेपर तिसऱ्याकडे जाणार आणि आम्हा दोघांना एका छापील फॉर्मवर खुलासा लिहावा लागणार. हे गुण का दिले ते लिहा, सही करा, वरच्या मजल्यावर जाऊन संचालकांसमोर उभे राहा. नसता डोक्याला ताप.

सहा वर्षांत आमचा एकही खुलासा झाला नाही. कारण सर गठ्ठा लावून देत. कोपरा दुमडलेला, पट्टी पक्की, नियमात बोट ठेवायला जागा नाही. फक्त पेपर गुणांच्या क्रमाने लावलेले असत. सगळ्यांत वर बावीस-तेवीसवाले, मग उतरत उतरत तळाला पाच-सहावाले, आणि मध्ये एक पेपर आडवा ठेवलेला, म्हणजे इथून खाली पंधराच्या आत. ही युक्ती सरांची नव्हे. बोर्डाचे पेपर तपासायला जात तेव्हापासून त्यांनी ती पाहिली होती, त्यांच्या आधीच्यांनी त्यांच्या आधीच्यांकडून. मी वरून सुरुवात करायची आणि गुण देत खाली यायची. कुठे एक जास्त, कुठे एक कमी, दिसायला बरं दिसावं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हीही त्यातल्याच. हो. पण माझी समजूत अशी होती की सरांना निबंधातलं काही कळत नाही म्हणून ते तसं करतात, आणि मला कळत असूनही वेळ नाही म्हणून मी तसं करते. हा फरक मला फार मोठा वाटायचा.

सरांच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत. एक हात दाण्यांत, एक हात पेपरावर. दाणा चोळायचा, फुंकर मारायची, लाल सालं उडून पेपरांत. सरांनी तपासलेला गठ्ठा डोळे मिटून ओळखता आला असता, उघडला की सालं गळायची. मी माझ्या टेबलावर येऊन आधी गठ्ठा झटकायची, जरा आवाज करूनच झटकायची. त्यांना कधी काही वाटलं नाही. उलट विचारायचे, "घेता का दोन दाने?"

खुर्चीवर ते घरून आणलेलं गोधडीचं चौकोनी आसन टाकत. दुपारी जेवण झालं की त्याच आसनावर बसल्या बसल्या पेन हातात धरून झोपत. पेन कधी पडलं नाही. जागे झाले की ज्या पेपरावर झोपले असतील त्याला चौदा देऊन टाकत. चौदा म्हणजे झोपेचे गुण, हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

एकदा हदगावच्या एका मुलाने चार पानं भरून लिहिलं होतं. मी चुकून वाचलं, तर पहिलाच परिच्छेद तीन वेळा उतरवलेला, शब्दन् शब्द. मी पेपर सरांसमोर धरला आणि म्हटलं, बघा, याला तुम्ही वीस दिलेत. त्यांनी चष्मा वर करून तीनही परिच्छेदांवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "तीनदा लिवलं म्हंजे तीनदा बसलं की न्हाई पोरगं? बसायला बी दम लागतो, बाई." आणि वीसचे वीस कायम. पुढे बराच वेळ सांगत बसले की त्यांच्या शाळेत पोरं हजेरीपुरती यायची, हजेरी झाली की शेताकडं पळायची, कुणी घंटा होईपर्यंत जागेवर बसलं तर त्यांना सण वाटायचा. मी ऐकल्यासारखं केलं. मला घरी जायची घाई होती.

शेवट कसा असावा याबद्दलही त्यांची मतं पक्की होती. शेवटच्या ओळीत 'गोरगरिबांची सेवा' आली की दोन गुण वाढले. 'देशाचे नाव उज्ज्वल' आलं की एक. हे पोरांना कसं कळायचं असं विचाराल तर मी सांगायची. आमच्याच क्लासच्या नववीच्या वर्गात मी फळ्यावर लिहून द्यायची: सुरुवात प्रश्नाने, मध्ये तीन मुद्दे, शेवट सेवेने, चार पानांच्या खाली उतरायचं नाही. सरांना नावं ठेवायला मला खालच्या मजल्यावर वेळ मिळायचा आणि वरच्या मजल्यावर मी त्यांचंच शिकवायची.

सहाव्या वर्षी संचालक साहेबांनी पुण्याहून एका गृहस्थांना आणलं. कुठल्याशा कंपनीचे होते. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं असं हळू की समोरच्याला आपणच आजारी आहोत असं वाटावं. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं की आता निबंध एआय तपासणार. भाषेचं मोठं मॉडेल असतं, त्याला चांगल्या परीक्षकांनी तपासलेले पेपर दाखवायचे, मग ते तसंच तपासायला शिकतं. पण आधी परीक्षक चांगले आहेत की नाहीत हे मोजावं लागतं. मनाचं मोजमाप करण्याचं म्हणे एक शास्त्र आहे, मानसमिती. कोण कडक, कोण सढळ, कोणाच्या गुणांवर विश्वास ठेवायचा, सगळं आकड्यात निघतं. आमचे मागच्या तीन वर्षांचे गठ्ठे त्यांनी स्कॅन करून नेले. जाताना विचारत होते की कागदांत ही लाल सालं कसली.

पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. पडदा लावला, दिवे घालवले आणि एक आलेख दाखवला. आडव्या रेघेवर ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक परीक्षक. गणिताचे, विज्ञानाचे इकडे तिकडे विखुरलेले. आणि एका जागी एकच जाड ठिपका. म्हणाले, हा एक नाही, हे दोन आहेत, तुमचे मराठीचे दोन परीक्षक. "तुमच्या दोघांत जी एकवाक्यता आहे ना, ती मी आजवर कुठेच बघितली नाही."

मी अंधारात बसून त्या ठिपक्याकडे बघत होते. विद्यापीठात नंबर आलेली मी आणि वांगी तोलणारे सर, शास्त्राने मोजून एकाच ठिपक्यात बसवलेले. मला उठून सांगता आलं असतं की साहेब, ही एकवाक्यता नाही, गठ्ठा लावलेला असतो. सांगितलं नाही. कोण सांगतं? पुढच्या आठवड्यात आम्हा दोघांना शाल आणि नारळ मिळाला. सर फोटोत छाती काढून उभे आहेत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आपलं डोकं मशीनात चाललं, बाई." त्यांना खरंच आनंद झाला होता. मला त्यांचा एवढा राग आला की नारळ मी शिपायाला देऊन टाकला.

त्या वर्षीची निवड आम्ही आणि मशीन दोघांनी मिळून करायची होती. आमचे दोघांचे गुण जुळले तर आमची सरासरी. तीनपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा परीक्षक नाही, मशीन ठरवणार तेच कायम. खुलाशाचे फॉर्म जुने छापलेले होते म्हणून कपाटात पडून होते, पण आता ते कुणी वाचणार नव्हतं. निबंधाचा विषय होता, 'मला का शिकायचे आहे'.

शेवटच्या गठ्ठ्याच्या दिवशी दुपारी सर झोपले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं, कारण त्या वेळात मी फोनवर बोलून घ्यायची. एक पेपर समोर ठेवून ते चष्मा काढून बसले होते. दाण्यांची पुडी बाजूला सरकवलेली. मला वाटलं, पित्त झालं असेल. चार वाजता त्यांनी गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि नेहमीसारखे जागेवर न जाता जरा घोटाळले. मग गेले.

मी गठ्ठा झटकला. सगळ्यांत वरचा पेपर पाऊण पानाचा होता.

पाऊण पान, आणि सगळ्यांत वर, म्हणजे तेवीस-चोवीसच्या घरात. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी नंबर बघितला, केंद्र मुखेडचं होतं. सरांची मुलगी मुखेडला दिलेली. मला एवढं पुरे झालं. म्हटलं, वा, हेडमास्तर, इतकी वर्षं वजन वजन करत बसलात आणि शेवटी ओळखीचं पोर निघालं तेव्हा वजन कुठे गेलं? मी तो पेपर उचलला, हातावर घेतला. हाताला काही लागलंच नाही, एवढा हलका. आणि त्याला मी नऊ दिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सरांपासून फारकत घेतली. फार बरं वाटलं. आता लिहू दे खुलासा, कुणी वाचणार नसला तरी, म्हटलं.

चार दिवसांनी पुन्हा पडदा, पुन्हा अंधार. पुण्याचे गृहस्थ आमच्या दोघांचे गुण दाखवत होते. या वेळी एक ठिपका म्हणजे एक पेपर. सगळे ठिपके एका तिरप्या रेघेवर ओळीने बसलेले, आणि एकच ठिपका दूर, कोपऱ्यात. म्हणाले, असा एखादा निघतोच. थकव्याने होतं, किंवा चुकून होतं. याच्यामुळे मशीन गोंधळतं, म्हणून शिकवणीतून हा काढून टाकायचा, आणि याचे गुण मशीन देईल.

सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी विचारलं, "त्यो ठिपका कोन्चा?"

"अपवाद आहे, सर," ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. ठिपका गेला. रेघ अगदी स्वच्छ झाली. संचालक साहेबांनी मान डोलावली.

बाहेर जिन्यापाशी सरांनी मला थांबवलं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी उभं राहून कधी बोलले नव्हते.

"बाई, त्यो पाऊण पानाचा पेपर. तुम्ही वाचला का?"

"वाचला ना."

"पुरा?"

"हो सर, पुरा."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता, ते तुमचं तुम्ही बघा. आत ते गृहस्थ अजून लॅपटॉप आवरत होते. मी दार ढकलून एवढंच म्हटलं असतं की माझे गुण घाईत पडले, तो पेपर मी पुन्हा बघते, तर यादी लागायला अजून दोन दिवस होते. त्यासाठी फक्त एक गोष्ट कबूल करायला लागली असती, आणि तीही या वांगी तोलणाऱ्या माणसासमोर. ते मला जमलं नाही.

सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या हिला वाचता येत न्हवतं, बाई. मी हेडमास्तर. तीस वर्षं लोकांची पोरं शिकवली आन् घरात हिला पाटी कधी दिली न्हाई. तिला जाऊन आता चार वर्षं झाली." हे मधेच कुठून काढलं, म्हणून मी घड्याळाकडे बघितलं. त्यांनी ते पाहिलं. "बरं. तुम्ही वाचून दिले असतील तर मी काय बोलनार. तुम्ही शिकलेल्या."

आणि जिना उतरून गेले. मी नंतर बराच वेळ स्वतःला सांगत होते की ओळखीचं पोर असल्याशिवाय माणूस इतका हळवा होत नाही.

यादी लागली तेव्हा सर फलकासमोर उभे होते. बोट वरून खाली आलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. मुखेडचा तो नंबर यादीत नव्हता. त्यांनी मला पाहिलं की नाही, ठाऊक नाही. तपासणीच्या खोलीत जाऊन आले, खांद्याला पिशवी लावली आणि स्टँडकडे निघून गेले.

पुढच्या वर्षी त्यांना बोलावलंच नाही. गरज नव्हती. मशीन सगळे निबंध एका दुपारीत तपासून मोकळं झालं, आणि प्रत्येकाखाली शेराही लिहू लागलं. 'आशयाचा विस्तार अपुरा आहे.' 'मुद्द्यांची मांडणी अधिक सविस्तर हवी.' 'समारोपातील सामाजिक बांधिलकी उल्लेखनीय.' मी पहिल्या दिवशी वाचून हसत सुटले. रेणापूरच्या म्हाताऱ्याचं मत, पुण्याच्या भाषेत. वजन पाहिजे, एवढंच ते म्हणत होतं, फक्त शेंगदाणे न खाता. हदगावच्या पोराचा तो तीनदा उतरवलेला निबंध मी गंमत म्हणून टाकून बघितला, तर एकवीस आले. सरांपेक्षा एक जास्तच.

संचालक साहेब सगळीकडे सांगत फिरतात की आता कुणाचा वशिला नाही, कुणाची लहर नाही. पोरंही हुशार, त्यांनी आठ दिवसांत ओळखलं आणि आता सहा-सहा पानं भरतात. मला पडताळणीचं काम दिलं आहे. पडद्यावर निबंध येतो, बाजूला मशीनचे गुण, खाली 'मान्य' असं हिरवं बटण. निबंध गुणांच्या क्रमाने येतात, जास्तीवाले वर. मी वरून सुरू करते आणि बटण दाबत खाली येते. माझी आणि मशीनची एकवाक्यता उत्तम आहे, असं मला नुकतंच मेलवर कळवलंय.

या उन्हाळ्यात ती खोली रंगवायला काढली म्हणून कपाट रिकामं करायला मला सांगितलं. तळाला सरांचं गोधडीचं आसन होतं, घडी घालून ठेवलेलं. ते उचललं तर खाली एक खाकी पाकीट, वर सरांच्या अक्षरात लिहिलेलं, 'बाईंसाठी'. ते मला हातात द्यायचं त्यांच्याच्यानं झालं नसेल, किंवा मी कपाट कधीतरी उघडीन असं वाटलं असेल. मी दोन वर्षं उघडलं नव्हतं.

आत तो पेपर होता, त्याला टाचणीने एक फॉर्म जोडलेला. मी सवयीने पाकीट झटकलं. एकही साल पडलं नाही. मग खिडकीपाशी जाऊन पेपर वाचला.

'आईला दोन गोळ्या आहेत. बीपीची गुलाबी पाकिटात असते आणि शुगरची हिरव्या. आईला वाचता येत नाही, ती रंगावरून घेते. मागच्या वर्षी दुकानदाराने बीपीची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. ते पाकीट पण हिरवे होते. आईला वाटले, शुगरच्याच जास्त दिल्या. तिने आठ दिवस बीपीची गोळी घेतली नाही. नवव्या दिवशी तिची उजवी बाजू गेली. मी त्या दिवसांत मावशीकडे होते. आल्यावर मी दोन्ही पाकिटे वाचली. वाचायला अर्धे मिनिट लागले. ते अर्धे मिनिट आमच्या घरात कुणाकडेच नव्हते. आता आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया मला पाकिटे आणून दाखवतात. मला वरचे नाव वाचता येते, पण आत काय आहे ते कळत नाही. ते शिकायचे आहे. कागद अजून खूप उरला आहे, पण मला सांगायचे होते ते झाले.'

एवढंच होतं. पट्टी आधीच निघालेली होती, दुमडलेला कोपरा उलगडला तर लाल पेनाने पंचवीस. सरांनी आयुष्यात कुणाला पंचवीस दिले नव्हते. आणि खाली माझे नऊ.

मग फॉर्म बघितला. खुलाशाचा तो जुना छापील फॉर्म, पहिल्या परीक्षकासाठी दहा ओळींची जागा. सरांनी एकच ओळ लिहिली होती.

'हा निबंध मी वाचला आहे.'

खाली सही, हुद्दा, आणि त्या यादीच्या दिवसाची तारीख. हजारो पेपर तपासलेल्या माणसाने कुणीही न मागता दिलेली ती कबुली होती, आणि ती वाचणारं तेव्हा कुणीच नव्हतं. त्याखाली दुसऱ्या परीक्षकाच्या खुलाशासाठी जागा होती. ती त्यांनी माझ्यासाठी कोरी ठेवली होती.

मी आधी ऑफिसात जाऊन त्या नंबरावरून मुलीचं नाव विचारलं. निवड न झालेल्यांची माहिती वर्षाअखेर काढून टाकतात, असं सांगितलं. मग सरांना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला, मुखेडहून बोलत होती. "आबा गेले की, मॅडम. दिवाळीच्या आधीच. तुम्हाला कळलं न्हाई का?" मी नाही म्हटलं. मग तिला विचारलं की सरांच्या ओळखीतलं कुणी दोन वर्षांपूर्वी आमच्या परीक्षेला बसलं होतं का. ती म्हणाली की न्हाई, आमच्यातलं कुनीच न्हाई, पण आबा तेव्हा इथं आठ दिवस राहून गेले होते, दवाखान्यात, मेडिकलवर, शाळांत जाऊन एका पोरीची चौकशी करत होते, नाव काही त्यांना माहीत न्हवतं. तिने विचारलं, काही काम होतं का. मी म्हटलं, नाही, सहज केला होता.

खोलीत रंगवाले आले होते, खुर्च्या बाहेर काढत होते. एका खुर्चीवर मी सरांचं आसन टाकलं आणि बसले. मांडीवर फॉर्म घेतला. दहा ओळींची जागा मलाही होती. मी मराठीची बाई आहे, दहा ओळी मला जड नाहीत.

'हा निबंध मी वाचला नव्हता,' एवढं लिहिलं आणि सही केली. तारीख आजचीच घातली. हा कागद आता कुणाकडे द्यायचा ते मला कळलं नाही, म्हणून मी तो पेपरासकट पाकिटात घालून तिथेच बसून राहिले, रंगवाल्याने खुर्ची मागेपर्यंत.